अभिप्रायाच्या तीन वह्या

ती घटना आठवायला मला कुणी विषय काढावा लागत नाही. ती आपणहून येते आणि आली की तोंड कडू करून जाते. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पोटच्या पोराविरुद्ध फिर्याद देणारे बाप पाहिले. त्यातलं फारसं काही मागे राहिलं नाही. राहिली ती एका चित्राची चोरी, जी आम्ही आठ दिवसांत उघडकीस आणली होती.

तेव्हा मी ठाणे शहरात एका पोलीस ठाण्याला गुन्हे निरीक्षक होतो. दुपारी चारच्या सुमारास ठाणे अंमलदारानं एका गृहस्थांना माझ्याकडे पाठवलं. साठी ओलांडलेली, इस्त्रीचा झब्बा, खांद्याला शबनम. वर्तकनगरला राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावरच्या कलादालनात चालू होतं. सहा दिवसांपैकी तो चौथा दिवस. दुपारी दालनात कुणी नव्हतं म्हणून सर मागच्या गच्चीत डबा खायला बसले. परत आले तर चार बाय तीन फुटांचं सगळ्यात मोठं चित्र जागेवर नव्हतं.

चोरी झाली की फिर्यादीचा चेहरा पडतो. यांचा खुलला होता.

"साहेब, बत्तीस चित्रं होती. त्यानं नेमकं 'मिठागर'च उचललं. माणसाला दृष्टी आहे."

"कोणाला?"

"चोराला!"

अंमलदारानं हसू लपवायला रजिस्टर उघडलं. मी हसलो नाही, पण माझ्या डोक्यात पहिली शंका तिथेच शिरली.

दालनात कोणाकोणाचं जाणं-येणं होतं एवढंच मी विचारलं होतं. सरांनी सगळं सांगायला घेतलं. दोन वर्षं काम चाललेलं. दोन खोल्यांच्या घरात कॅनव्हास भिंतीला टेकवलेले, टर्पेंटाइनचा वास आमटीपर्यंत गेलेला. फ्रेमा कल्याणला करून घ्यायच्या, कारण तिथला कारागीर लाकडात फसवत नाही. मग त्या घरच्या चादरींत गुंडाळून टेम्पोनं आणायच्या. निमंत्रणं मोबाइलवर टाकून भागत नाही म्हणून डोंबिवलीत नातेवाइकांच्या दारोदार जाऊन द्यायची. घरोघरी चहा झाला, "येतो हं नक्की" झालं आणि उद्घाटनाला आली अकरा माणसं. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले, समई लावली, फोटो काढला आणि दहा मिनिटांत गेले. एका भाचेजावयांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही हातानं काढलंय?"

"मग कशासाठी करता हे सगळं?" मी विचारलं. पोलिसाला हेतू विचारायची सवय असते.

सरांनी शबनममधून तीन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. पुठ्ठ्याच्या, निळ्या कापडाच्या कडेच्या. आजवर त्यांची तीन प्रदर्शनं झाली होती आणि प्रत्येकाची ही अभिप्राय वही. प्रदर्शन बघून बाहेर पडणारा माणूस तिच्यात दोन ओळी लिहितो.

"मुंबईच्या मोठ्या दालनात नऊ वर्षं माझं नाव यादीत होतं, साहेब. आता तारीख मिळाली. पंधरा दिवसांत होकार कळवायचाय. छाती होत नाही. आपण ठाण्याचे ड्रॉइंग मास्तर. पण या वह्या वाचल्या की वाटतं, जावं. ठेवा तुमच्याकडे, वाचा सवडीनं."

मी फिर्याद नोंदवून घेतली. दालनात जाऊन पंचनामा केला. कॅमेरा फक्त जिन्यावर होता आणि तोही बंद. दुसऱ्या दिवशी गावातल्या वर्तमानपत्रात चोरीला गेलेल्या चित्राचा फोटो छापून आला आणि शेजारी रिकाम्या खिळ्याजवळ उभे असलेले सर. चौथ्या दिवसापर्यंत जिथं माशा मारत बसायची वेळ होती, तिथं शेवटच्या दोन दिवसांत रांग लागली. लोक चित्रं सोडून खिळा बघत होते. माझी शंका पक्की झाली. चित्र गेलं नसून घालवलं असावं, असं मी आमच्या रायटरला, म्हणजे लिखापढी करणाऱ्या हवालदाराला, बोलूनही दाखवलं.

वह्या मी आमच्या हवालदारबाईंकडे तपासायला दिल्या होत्या. जिल्ह्यात त्यांच्यासारखी अक्षराची पारख कुणाला नव्हती. खोट्या सह्या त्या दुरून ओळखत. दोन तासांनी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, ही सगळी अक्षरं एकाच बाईची आहेत."

"सगळी?"

"चांगली चांगली सगळी. पेन बदललंय, अक्षर तिरकं केलंय, गावं वेगवेगळी लिहिलीत. कोण बदलापूरचं, कोण मुलुंडचं. पण प्रत्येक ओळीची शिरोरेषा शेवटी एका दमात ओढलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती सवय नाही लपली." मग म्हणाल्या, "साहेब, सरांना एकदम नका दाखवू. आधी त्यांच्या मिसेसना विचारू. मी जाऊन येते, साध्या साडीत."

त्या बोलल्या त्यात सगळं शहाणपण होतं. पण मला उकल दिसत होती आणि उकल दिसली की अधिकारी बहिरा होतो. मी म्हणालो, "बाई, संशयिताला सावध करायचं असतं का?"

शनिवारी सरांना बोलावलं. केबिनमध्ये रायटर होता, दोन शिपाई होते, पासपोर्टच्या चौकशीसाठी आलेला एक परका माणूस खुर्चीत बसला होता. मी कुणालाही बाहेर जायला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला प्रेक्षक हवे होते.

वह्यांत मी कागदाच्या खुणा घालून ठेवल्या होत्या. पहिली उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "वाचा."

सर हसले आणि मोठ्यानं वाचू लागले. "'आपल्या निळ्या रंगात खाडीचा वास आहे.' हे बदलापूरच्या एका रसिकाचं."

"आणि हे?"

"'पुन्हा पुन्हा येऊन पाहावंसं वाटतं.' हे मुलुंडचे."

"मुलुंड आणि बदलापूर एकाच हातानं लिहितात का हो?" मी आवाज चढवला. "तिन्ही वह्या एकाच माणसानं भरल्यात. नाव व्हावं म्हणून तुम्ही वह्या लिहवून घेतल्यात आणि नाव व्हावं म्हणूनच चित्रही लपवलंत. कुठं ठेवलंय ते सांगा, म्हणजे विषय इथेच मिटवू."

सरांनी चष्मा काढून झब्ब्याला पुसला, परत लावला. मी दाखवलेलं पान पाहिलं. मग पुढचं. मग त्यांनी मला विचारायचं सोडून दिलं आणि स्वतःच पानं उलटू लागले, आधी सावकाश, मग भरभर. पहिली वही संपली, दुसरी संपली. तिसऱ्या वहीत हात एका ओळीवर थांबला. मी मनात म्हटलं, आता बोलणार. कबुलीजबाब देणाऱ्यांचे हात मी पुष्कळ पाहिले होते.

"साहेब," ते म्हणाले, "चित्र मी लपवलेलं नाही. आणि हे अक्षर आमच्या घरच्या किराणा यादीचं आहे."

पासपोर्टवाला माणूस जमिनीकडे बघायला लागला.

"यात दुसऱ्या कुणाचं एखादं तरी आहे का हो?" त्यांनी विचारलं.

होती. शाळेतल्या मुलांच्या सह्या होत्या. तीन-चार ठिकाणी नुसतं 'छान' होतं. एकानं पंखा चालत नसल्याची तक्रार लिहिली होती. हवालदारबाई दारातून म्हणाल्या, "आहेत ना सर, बरेच आहेत."

सर त्यांच्याकडे बघून हसले. "बाई, आता तुम्ही नका सुरू करू."

ते उठले, वह्या टेबलावरच ठेवून निघून गेले. आणि एवढं होऊनही मी रायटरला म्हणालो, "नाटकी आहे. नजर ठेवा." आपण चुकलो हे कळायला मला कधीच वेळ लागला नाही. ते मान्य करायला मात्र फार लागला.

मंगळवारी फोन आला. लग्नाचे फोटो काढणारा कल्याणचा एक फोटोग्राफर होता. "साहेब, पेपरात फोटो आलेला ना चित्राचा, ते मी बघितलंय. एका लग्नात वेलकमचा बोर्ड होता, त्याचा सोनेरी कागद कोपऱ्यात फाटलेला. आतमध्ये तेच मिठाचे ढीग. मी झूम करून फोटो काढून ठेवलाय."

त्या लग्नाच्या मंडप-डेकोरेशनवाल्याचं गोदाम कल्याणच्या बाजारामागे होतं. पंच घेऊन गेलो. खुर्च्यांच्या थप्प्यांमागे चित्र सापडलं. समोरून सोनेरी कागद ताणून बसवलेला, वर थर्माकोलची अक्षरं, 'शुभविवाह'. मालक आधी कानावर हात ठेवत होता. पोलीस ठाण्यात आणून फोटोग्राफरचा फोटो पुढे ठेवल्यावर सरळ झाला.

"साहेब, चोरी काय बोलता. खालच्या हॉलला साखरपुडा होता, काम आपलंच होतं. वेलकमचा बोर्ड ऐन टायमाला तुटला. पार्टी बोंबलायला लागली. मी वरती गेलेलो, कोण दिसलं नाही. एवढी मजबूत फ्रेम! बोललो, घेतो, नंतर आणून ठेवतो. मग राहूनच गेलं. तिकडून पुढच्या लग्नाला गेला बोर्ड."

"आणि त्यावरचं चित्र?"

तो खरोखरच गोंधळला. "चित्राकडे कोण बघतंय, साहेब? कागद मारला की झालं ना."

त्याला अटक केली. कागद सोडवताना डिंकाबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले आणि मिठाचे दोन ढीग गेले. महिन्याच्या गुन्हे बैठकीत आमच्या ठाण्याचं कौतुक झालं. गुन्हा उघड, आरोपी अटक, मालमत्ता हस्तगत. वरिष्ठ म्हणाले, "छोटा गुन्हा, पण स्वच्छ तपास." मी उभा राहून सॅल्यूट केला.

कोर्टाचा आदेश झाल्यावर चित्र परत न्यायला सर आले नाहीत. त्यांचं पत्र घेऊन त्यांच्या पत्नी आल्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांनी मुद्देमाल पावतीवर सही केली आणि सहीवरची रेघ एका दमात ओढली. मी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"पहिल्या प्रदर्शनाला हे दिवसभर वहीजवळ बसले होते, पेन उघडून," त्या म्हणाल्या. "कुणी लिहीना. वही पिशवीत घालताना ह्यांचं तोंड बघवेना मला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. हे जेवायला बसले तेवढ्यात मी दोन ओळी लिहिल्या. परत येऊन ह्यांनी त्या वाचल्या आणि साहेब, हा माणूस लहान पोरासारखा नाचला. मग दर वेळी मी लिहीत गेले. चोरी झाली त्या दिवशी मी दवाखान्यात गेले होते, नाहीतर दालनात मीच असते."

"ताई, तपासात आम्हाला विचारावं लागतं."

"विचारायचं होतं तर मला विचारायचं. मी घरीच असते की." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मुंबईला नकार कळवला ह्यांनी. ब्रश शेजारच्यांना देऊन टाकले. मी म्हटलं, अहो, मी लिहिलं ते खोटं नव्हतं, मला खरंच तसं वाटतं. तर म्हणाले, तुझं मत कसं धरायचं? आता मी काही म्हटलं तरी त्यांना ती माझी दयाच वाटते. चोरानं एक चित्र नेलं होतं, साहेब. बाकीची तुम्ही नेलीत."

मी वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्या म्हणाल्या, "ह्या घरात नकोत." चित्र त्यांनी चादरीत गुंडाळलं आणि शिपायानं रिक्षापर्यंत नेऊन दिलं.

त्या वह्या आरोपपत्रात कुठेच नाहीत. चोरीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्या मी कुणाला न दाखवता परत दिल्या असत्या तरी तो मांडववाला तसाच सापडला असता. तपासात आपल्या हाताला लोकांच्या घरातलं खूप काही लागतं. त्यातलं गुन्ह्याचं किती आणि माणसाच्या जगण्याचं किती, हे ओळखणं कायद्याच्या पुस्तकात नसतं, आणि ते मला येत नव्हतं. मी हुशार होतो, एवढंच.

सरांना मुंबईत जो आठवडा मिळाला होता, त्या आठवड्यात मी रजा टाकून त्या दालनात गेलो. भिंतींवर दुसऱ्याच कुणाची चित्रं होती. ती चांगली होती की नाही हे मला कळेना. तिथं उभा असताना लक्षात आलं की सरांची चित्रं चांगली होती की नाही हेही मला माहीत नाही. मी त्यांच्या दालनात दोन तास पंचनामा केला होता. बत्तीसपैकी एकतीस चित्रं समोर होती, आणि मी एकही पाहिलं नव्हतं.