सतरावं पान

आमच्या ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर तीन शिक्के बसतात. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या आणि एक सतराव्या. सतरावं हे आमचं गुप्त पान. चोरानं पहिलं-शेवटचं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येक ग्रंथालय असं एक पान ठरवतं आणि बाहेर कुणाला सांगत नाही. मी आत्ता सांगून टाकलं. कारवाई करायची तर खुशाल करा.

बुलढाणा जिल्ह्यात विद्यापीठाचा चित्रकला विभाग आहे आणि त्याच्या ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आहे, हे मी एकेकाळी पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. चार्ज म्हणजे काय ते पुढे कळलं. दाखल नोंदवहीत चढलेली प्रत्येक वस्तू माझ्या नावावर. बदली हवी तर दुसऱ्या कुणी एकेक पुस्तक उघडून, शिक्के पाहून ताब्यात घ्यायचं, आणि तो दुसरा नेमलाच जात नाही. दोनदा बदलीचा आदेश निघाला आणि दोन्ही आदेश माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून राहिले. नवरा अकोल्यात, मी इथे, चाव्यांचा जुडगा कमरेला. रविवारी घरी गेले तरी हात कमरेशी जातो. नवरा हसतो. मला रडू येतं.

मग मी त्या कपाटांवरच जीव लावला. वितरक आणून टाकतात ती परदेशी चित्रकारांची जाडजूड गुळगुळीत पुस्तकं. मुलं पानं उलटतात, छान आहे म्हणतात, आणि परत ठेवतात. मला इथलं काहीतरी हवं होतं. खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर मार्का उठवायचे कापलेले पत्रे, अमडापूरच्या बाजारातल्या हाती रंगवलेल्या पाट्या, रांगोळीच्या चाळण्या. सुट्टीच्या दिवशी वणवण करून मी हे गोळा करू लागले. संग्रह करणाऱ्याचं पोट भरत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

त्यातच खामगावचा एक म्हातारा पेंटर भेटला. जन्मभर त्यानं दुकानांच्या पाट्या लिहिल्या, गाठींचे मार्के कापले, दर एप्रिलात जयंतीची निळी कमान रंगवली. फ्लेक्स आल्यापासून घरीच होता. त्याच्याकडे जिनिंगची एक कोरी राहिलेली वही होती, कोपऱ्यात छापील आकडे असलेली. त्या वहीभर त्यानं पेन्सिलनं चित्रं काढली होती. बैल, हमाल, चहावाला. आणि एका पानावर सुपात तुरीची डाळ निवडता निवडता मान वर करून पाहणारी एक बाई.

"हे आमची," तो म्हणाला. "फोटो काढू, फोटो काढू म्हनता म्हनता राहूनच गेला. अन् ते गेली."

तिचं एवढं एकच चित्र होतं. तरी मी वही मागितली.

त्यानं वहीवरची धूळ तळव्यानं पुसली. मग म्हणाला, "घेऊन जा जी. पोरं पाहतीन. मंग मी वापस आनीन. लायब्ररीच हाय न ते."

हे मी नीट ऐकलं. लायब्ररी म्हणजे वस्तू जाते आणि परत येते, एवढं त्याचं साधं गणित होतं. मी पुढे केलेल्या फॉर्मवर कायमस्वरूपी देणगी असं लिहिलेलं होतं. त्यानं न वाचता, पाटी लिहावी तशा देखण्या अक्षरात सही केली. मी तोंड उघडलं नाही. नंतर जे झालं ते चुकून झालं, पण हे चुकून झालेलं नव्हतं.

मार्चअखेर होती. टेबलावर नव्या पुस्तकांचा ढीग, आणि त्यात ती वही. पहिलं, सतरावं, शेवटचं. पहिलं, सतरावं, शेवटचं. दुपारपर्यंत हात आपोआप चालायला लागतो, डोळा फक्त कोपऱ्यातला आकडा बघतो. शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून सवयीनं फुंकर घातली, आणि मग दिसलं. ती डाळ निवडणारी बाई सतराव्या पानावर होती. जांभळा लंबगोल तिच्या कपाळावरून डाव्या डोळ्यावर उतरला होता. कापसानं टिपायला गेले तर कडेची शाई जास्तच पसरली. मी वही कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि चोरासारखी घरी गेले.

पावसाळा संपता संपता तो आला. "पाहून झालं असंन पोराईचं. नेतो आता."

मी त्याला फॉर्म दाखवला. स्वतःची सही त्यानं बराच वेळ पाहिली. मग वही मागितली. त्या पानाशी आला आणि थांबला.

"माझ्या हातून झालं, काका," मी म्हणाले.

"हिले काऊन शिक्का मारला जी?" तो अगदी हळू म्हणाला. "हे कुठं पळून चालली होती?"

मी वर अर्ज केला, वही परत द्यावी म्हणून. उत्तर आलं की, वाळवीनं खाल्ली, भिजली किंवा निकामी झाली तरच नोंद रद्द होते. मी वाळवीची वाट पाहू लागले, खरंच. तशीच उचलून देऊन टाकायला हवी होती, पण मी भित्री आहे. झेरॉक्स काढून दिली, तर त्यानं ती बाजूला सारली. "हे मशीनची हाय. म्या काढतो."

मग तो दर मंगळवारी यायला लागला. मी कुलूप काढायची, तो खिडकीजवळ बसून वहीतलं पाहत पाहत दुसऱ्या कागदावर उतरवायचा, आणि मी पुन्हा कुलूप लावायची. कैदेतल्या माणसाची भेट घडवून आणावी तसं ते वाटायचं, आणि किल्ली माझ्याकडे असूनही मला स्वतःला बाहेर पडता येत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी त्यानं कागद माझ्यासमोर ठेवला. नाक घसरलेलं, हनुवटीची रेघ थरथरलेली. पण कपाळावर आमचा शिक्का होता. लंबगोल एका फटक्यात काढलेला, विद्यापीठाचं नाव, विभाग, जिल्हा, जांभळ्या रंगात एकेक अक्षर घोटीव. माझ्या खऱ्या शिक्क्यापेक्षा स्वच्छ.

"शिक्का कशाला काढला, काका?"

"चेहरा जमत नाई आता, बाई. हात हालते. अक्षर मातर जमते." मग त्यानं कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे छापील सतराचा आकडा होता. त्याच जिनिंगच्या दुसऱ्या वहीचं पान त्यानं आणलं होतं. "हे ठेवा तुमच्या कपाटात. शिक्का बराबर हाय, पाहून घ्या. ते मले द्या."

मी खोलीचं दार लोटलं. ब्लेडनं ते पान मुळाशी कापलं. पाठीमागची बाजू कोरीच होती. त्यानं पान शर्टाच्या आत, छातीशी धरलं, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गेला. त्याच्या जागी मी नवं पान खळीनं चिकटवलं.

आता बदलीचा तिसरा आदेश आला आहे. आणि या वेळी चार्ज घ्यायला माणूसही नेमला आहे, सोमवारी हजर होतोय. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो येतोय, आणि मला रात्र रात्र झोप नाही. नियमानं गुप्त पान मीच त्याला सांगायचं. तो प्रत्येक पुस्तकाचं सतरावं पान उघडेल, त्या वहीचंही. आदेश पुन्हा ड्रॉवरमध्ये सारावा, असं दहादा मनात येतं.

नवरा विचारतो, घाबरतेस कशाला? त्याला सगळं सांगितलेलं नाही. मी स्वतःलाच समजावते. तो माणूस आमच्याच कामातला आहे. कोपऱ्यातला आकडा बघेल, शिक्का बघेल, पान उलटेल. चेहरा बघणार नाही. मीही बघितला नव्हता.