ग्यानबाचा वर गेलेला हात

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेनं, जपाननं आपल्या देशावर आर्थिक निर्बंध घातले. जवळा बाजारजवळच्या त्या गावात याचा अर्थ एकट्या ग्यानबाला कळत होता. का नाही कळणार? रेडिओ त्याचाच! रोज संध्याकाळी ओट्यावर बातम्या लागत, आणि त्या संपल्या की ग्यानबा सुरू होई.

"निर्बंध म्हंजे आपलं वाळीत टाकणंच. जो मोठ्याला भेतो, तो सामील होतो. ज्याचं आपल्यावाचून काई अडत न्हाई, तोबी होतो. ज्याचं अडतं, तो बराबर बाजूला राहतो. भेकड लेकाचे!"

सोमेश्वर मान डोलवायचा. तो ग्यानबाचा जिवाभावाचा दोस्त. बाजारातून रेडिओचे सेल तोच आणायचा.

पुढच्या वर्षी, हळद काढणीच्या दिवसांत, सोसायटीचा चेअरमन भिवाजी यानं गायरानात स्वतःचं गोदाम बांधायला काढलं. सोमेश्वरनं तहसीलीत तक्रार केली. झालं! मारुतीच्या पारावर बैठक बसली.

"सोमेश्वरशी कुनी बोलायचं न्हाई, त्याच्या घरी जायचं न्हाई. हात वर करा," भिवाजी म्हणाला.

ग्यानबाच्या रानाला पाणी भिवाजीच्या विहिरीचं. कोण कोण हात वर करतंय म्हणून त्यानं नजर फिरवली, आणि बापरे, स्वतःचाच हात वर! खाली घ्यावा, तर भिवाजी त्याच्याकडंच बघून राहिला होता.

जळबानं तेवढा हात वर केला नाही. जळबा! बांधावरून सोमेश्वरशी ज्याची मारामारी झाली होती, तो! "माझी हळद काढून पडली हाय," तो म्हणाला. "शिजवायची कढई गावात त्याच्याकडंच. भांडण मी नंतर करीन." ग्यानबा आ वासून बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या वेळेला सोमेश्वर आला. ओट्यावर चढला नाही.

"ग्यानबा, तुझंच बोलणं तुला इचारतो. तू भ्यालेल्यातला, का काई न अडणाऱ्यातला?"

ग्यानबानं मनाशी हिशेब मांडला. पाण्यासाठी भ्यालो, हे खरंच. पण सोमेश्वरवाचून आपलं काही अडणार नाही, असंही आपण पारावर धरून चाललो होतो! त्याची त्यालाच शिसारी आली.

सोमेश्वरनं पायरीवर दोन नवे सेल ठेवले. "कालच आणले व्हते. मला काय करायचे?" म्हणाला आणि निघून गेला.

मंजुळाबाई, ग्यानबाची बायको, दारात आली. "काहून बसलात? बातम्या लावायच्या न्हाईत व्हय?"

"लावून सांगू कुनाला?" ग्यानबा म्हणाला.