ज्या दिवशी दाढ दुखायची थांबली

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट साडेबारा हजार फुटांवर होती. जवान अठरा. सुभेदारसाहेब रजेवर गेल्याने हवालदार म्हणून पोस्टची जबाबदारी माझ्याकडे आली होती. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारांसह मोर्च्यावर सज्ज; सातला चहा, आठला सिक रिपोर्ट, म्हणजे आजाऱ्यांची हजेरी. सिक रिपोर्टला येणाऱ्या प्रत्येकाकडे मी संशयानेच पाहत असे. आजार कोणता आणि बहाणा कोणता हे मला चेहऱ्यावरून कळते, असा माझा समज होता.

सोमवारी शिपाई विलास ठोंबरे गाल धरून आला. तो कळंब तालुक्यातला, मी शेजारच्या यवतमाळचा. दोनच दिवसांपूर्वी त्याची रजा नामंजूर झाली होती आणि गुरुवारच्या लांबच्या पेट्रोलिंगला त्याचे नाव लागले होते. मला तेवढे पुरेसे वाटले. शिवाय गाववाल्याला सूट दिली असे कोणी म्हणू नये, ही धास्ती होतीच.

"दाढ लय ठणकून राह्यली, साहेब. खाली डॉक्टरसाहेबाकडे जाऊ द्या."

"रजा नाही भेटली म्हणून दाढ दुखते काय?"

जवान हसले. तोही अर्ध्या तोंडाने हसला. मी रजिस्टरात 'मेडिसिन अँड ड्यूटी' लिहिले. म्हणजे गोळी घ्या आणि कामाला लागा. मंगळवारी तो पुन्हा आला, बुधवारीही. तिन्ही दिवस खाली जाणारी वाट उघडी होती.

गुरुवारी त्याने दुखणे थांबल्याचे सांगितले. नाटक चालत नाही हे पाहून त्याने ते सोडले, असा अर्थ मी काढला. त्याला पेट्रोलिंगला धाडले.

शनिवारी त्याच्या जबड्याखाली सूज आली, ताप चढला, तोंड उघडेना. रविवारी सकाळी श्वासाचा आवाज येऊ लागला. बर्फाने वाट बंद झाली होती. आठ वाजून दहा मिनिटांनी मी वायरलेस सेटवर खालच्या मुख्यालयाशी बोललो.

"टायगर, अल्फा. पेशंट का साँस अटक रहा है. हेलिकॉप्टर चाहिए. ओवर."

"अल्फा, टायगर. मौसम बंद. वेट. आउट."

हेलिकॉप्टर अकरा चाळीसला उतरले. विलास अकरा पाचला गेला होता. वय चोवीस.

पार्थिवासोबत मीच त्याच्या गावी गेलो. वडिलांनी एवढेच विचारले, "त्यानं सांगतलं नव्हतं काय कोणाले?"

मी म्हणालो, "नाही."

रजिस्टरात माझ्या सहीच्या तीन नोंदी होत्या. ते रजिस्टर कळंब तालुक्यात कधी येणार नव्हते.

बऱ्याच वर्षांनी, यंदा माझी दाढ चार दिवस दुखली आणि आपोआप थांबली. पत्नीच्या आग्रहाखातर मी यवतमाळला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रूट कॅनॉल सांगितले. न दुखणाऱ्या दाढेवर उपचार सांगणाऱ्या या बाई आपल्याला गिऱ्हाईक समजतात, असे मला वाटले आणि मी तसे सौम्य शब्दांत बोलूनही दाखवले. त्यांनी बर्फासारखा गार कापूस आधी शेजारच्या दाताला लावला, झिणझिणी आली. मग दाढेला लावला. काहीच जाणवले नाही.

"काका, दुखून नाही राह्यलं म्हणूनच करा लागते. आतली नस मेली. दुखणं थांबलं, पण पू मुळाशी वाढूनच राह्यला."

एक्स-रेमध्ये मुळाशी काळा डाग होता. मी तो बराच वेळ पाहत राहिलो. गुरुवारी विलासच्या दाढेत काय झाले होते, ते मला त्या खुर्चीत कळले. दाढ उघडली तेव्हा जो वास आला, तो मी ओळखला. शनिवारी त्याच्या तोंडाला तोच येत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गावी गेलो. वडील आता थकले आहेत. मला पाहून म्हणाले, "मुक्या तोंडाचा होता पोट्टा. सांगतलं असतं तं जगला असता." इतकी वर्षे ते मुलालाच दोष देत आले होते, माझ्या एका शब्दावरून.

मी उभा राहून तिन्ही दिवस सांगितले. मी काय म्हणालो होतो, तेही. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मग घरात बायकोला हाक दिली.

"अवं, ऐकलं काय? सांगतलं होतं त्यानं. तीनदा."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

शिपाई विलास ठोंबरे याने वेळेवर, रीतसर, तीन वेळा तक्रार केली होती. ऐकणारा मी होतो.