बाहुलीचं डोकं आणि आमचा संप

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील सभेहून येताना गठ्ठा आणत, आई ती डब्यात भाकरीखाली घाली आणि भाकरी संपली की मी तेलकट झालेला मजकूर वाचत बसे. त्यामुळे विशीत भोसरीच्या कारखान्यात लागलो तेव्हा जगातली प्रत्येक गोष्ट मला न्याय किंवा अन्याय अशीच दिसत होती. टाकीतलं तांबंसुद्धा.

आम्ही प्लॅस्टिकच्या बाहुल्यांच्या डोक्यांचे साचे करत होतो. मेणाचं डोकं करायचं, त्यातून वीज वाहावी म्हणून त्याला शिसपेन्सिलीसारखी काळी पूड चोळायची, मोरचूद आणि तेजाबाच्या निळ्या पाण्यात ते टांगायचं आणि वीज सोडायची. समोर टांगलेल्या पत्र्यातलं तांबं सुटून मेणावर बसे. पाच-सहा दिवसांनी मेण वितळवलं की चेहरा उमटलेलं पोकळ कवच हाती येई. निदान यायला हवं होतं. पण तांबं उंचवट्याकडेच धावे. नाकाच्या शेंड्यावर ढीग, गालांवर बाहेरून पुटकुळ्या, आणि नाकाच्या कडेच्या खळगीत कागदाएवढा पापुद्रा. असा साचा प्लॅस्टिक भरून भट्टीत गेला की नेमका त्या खळगीत फुटे.

मी टाकीपाशी उभा राहून सगळ्यांना समजावत असे की हे आपल्या देशाचंच चित्र आहे. ज्याचं नाक आधीच वर, त्यालाच आणखी. त्यावर कुणीतरी म्हणे, "पत्रकराव, आधी डोकी टांगायची दांडी पुसा."

टाकी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे मामा म्हणत. ते चाकणजवळच्या खेड्यातून सायकलवर येत. त्यांनी एक उपाय काढला. दर मिनिटाला खटका फिरवून थोडा वेळ वीज उलटी करायची. मग जिथे तांबं जास्त साचलंय तिथलंच आधी सुटून पाण्यात परत जातं. "जास्तीचं वाईच काढून घ्यायचं आन् पुन्यांदा वाटायचं," ते मला म्हणाले. लहानपणापासून जे वाचत आलो ते एका खटक्यानं होतंय, हे ऐकून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

इंजिनियरसाहेबांना तसं काही वाटलं नाही. चढवलेलं तांबं उतरवायचं म्हणजे पगार देऊन परत मागण्यासारखं आहे, असं ते म्हणाले, आणि या बाबतीत त्यांना अनुभव होता. शेवटी त्यांनी एकच डोकं करून बघायला परवानगी दिली. ते बिघडलं तर मामांची बदली बफिंगला. तिथे चाकांवर धातू घासून चकचकीत करत आणि धूळ इतकी उडे की समोरचा माणूस खोकल्यावरून ओळखावा लागे. मामांची छाती आधीच घरघरत होती.

मामांचं डोकं टाकीत गेलं आणि दुसऱ्याच दिवशी आमचा संप सुरू झाला. मागणी एकच होती, बफिंगमध्ये धूळ ओढणारा पंखा. आत बसायचं, पण उत्पादनाचा एक कणही होऊ द्यायचा नाही, असं पत्रकात छापलं होतं. ते वाक्य माझं होतं.

मामा खटक्यापाशी उभे होते.

"मामा, हात काढा. संप आहे."

"काडतो. पर मग सोमवारपासनं मी बफिंगला. ज्या धुळीपायी तुमी बसलाय, त्याच धुळीत."

मी खिशातलं पत्रक काढून पुन्हा वाचून पाहिलं. टाकीभोवती सभा बसली. एक जण म्हणाला, तांबं वीज चढवते आणि वीज आपल्या युनियनची सभासद नाही. मी म्हटलं, पण खटका फिरवणं हे कामच. मग लेथवरच्या एकानं शांतपणे विचारलं की घोषणा देणं काम आहे का. मी नाही म्हटलं. घोषणा देताना मूठ वर जाते, ते काम आहे का? तेही नाही.

मामांनी खटक्याला सुतळी बांधली, उलट्या बाजूनं सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून लावली आणि सुतळीचं टोक माझ्या मनगटाला बांधलं. मूठ वर गेली की वीज उलटी, मूठ खाली आली की पट्टीच्या ओढीनं सुलटी.

मूठ घोषणा संपेपर्यंतच वर राही, त्यामुळे "पंखा द्या" ही मूळ घोषणा फारच आखूड पडली. मामा पाण्याकडे बघत म्हणाले, वाईच लांबवा. शेवटी 'बफिंगच्या धुळीत खोकणाऱ्या आमच्या बांधवांना पंखा मिळालाच पाहिजे' हे माप बरोबर बसलं. आमच्या मागणीचा मसुदा असा बाहुलीच्या नाकानं ठरवला.

चार दिवस, तिन्ही पाळ्यांत, सुतळीचं मनगट बदलत, घड्याळ लावून दर मिनिटाला एक मूठ वर गेली. केबिनच्या काचेतून बघणाऱ्या मॅनेजरांचा चेहरा उतरला. एवढी शिस्त आहे म्हणजे यांना बाहेरून कुणीतरी तयार केलंय, असं ते म्हणाल्याचं कळलं. पाचव्या दिवशी त्यांनी पंख्याचं लेखी आश्वासन दिलं.

मग मामांनी मेण वितळवलं. इंजिनियरसाहेबांनी कवच उजेडाकडे धरलं, नाकाची कड बोटानं चाचपली, पुन्हा चाचपली. सगळीकडे सारखी जाडी. मामा टाकीवरच राहिले. संपात आमच्याकडून एक डोकं तयार झालं, हे मात्र मी पुढच्या कुठल्याच पत्रकात लिहिलं नाही. इथे लिहितो.

खटका आपोआप फिरवणारं यंत्र मागवलं होतं, पण ते येईपर्यंत साहेब स्वतः सुतळी धरून शिकत होते. घड्याळाकडे बघून त्यांना जमेना. कधी मूठ लवकर खाली यायची, कधी वरच राहायची. मामांनी त्यांना घोषणा शिकवली. टाय लावलेले साहेब मूठ वर करून पुटपुटत, "बफिंगच्या धुळीत खोकणाऱ्या आमच्या बांधवांना," आणि पाण्यावरची नजर न काढता मामा वाक्य पुरं करत.

आठवडाभरानं एका दुपारी साहेब मध्येच थांबले.

"मामा, तो पंखा अजून आला नाही का हो?"

"न्हाई साहेब," मामा म्हणाले. "म्हना पुढं, मिनिट झालं."