मीटरवर चिकटवलेला देव

दुपारपासून किळस जात नाही, म्हणून इथे ओकतोय.

डिचोलीतल्या माझ्या गॅरेजात आज एक भाड्याची गाडी आली. तक्रार एकच, गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा पिवळा दिवा विझत नाही. स्कॅनर लावला. स्टिअरिंग किती वळलं हे सांगणारा सेन्सर गप्प, त्याच्याशी संपर्कच नाही. असं दिसलं की लोक लगेच नवा सेन्सर घालतात. मी स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. सेन्सर धडधाकट होता. म्युझिक सिस्टम बसवताना कुणीतरी त्याची वायर कापून वर टेप गुंडाळली होती.

"तासाभराचं काम आहे," मी मालकाला म्हटलं. "नाहीतर पावसात वळणावर गाडी घसरली तर सावरणार नाही."

"वायर मागीर बघूया. गिऱ्हाईक मोरजीत वाट बघता. तू दिवो तेवढो विझव मरे."

"वायर जोडल्याशिवाय विझणार नाही."

त्याने खिशातून गणपतीचा छोटा स्टिकर काढला आणि मीटरवर, बरोबर त्या दिव्यावर चिकटवला. वर नमस्कारही केला!

"वैनी आणि पोरं याच गाडीतून फिरतात?" मी विचारलं.

"छे रे! घरच्यांक दुसरी आसा."

आणि गेला गाडी घेऊन.

म्हणजे त्याला सगळं कळत होतं. शिसारी आली ती याचीच.

भाड्याची गाडी घेताना कुठला दिवा पेटून राहतो ते बघा. आणि मीटरवर देव दिसला, तर हात जोडण्याआधी तो उचलून बघा.