हवेत थांबलेला शिक्का

एकच विनोदी कार्यक्रम माणूस वर्षानुवर्षे तितक्याच ओढीने का पाहतो, हा प्रश्न मी काही हिवाळ्यांपूर्वी माझ्या वहीत लिहून ठेवला. त्याचे उत्तर शोधायला मला ग्रंथालयात जावे लागले नाही. मी दर हिवाळ्यात अमेरिकेत हर्नडनला मुलीकडे राहायला जातो, आणि त्याच घरात तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, राहतात. नाताळच्या एका कार्यक्रमाशी हे गृहस्थ जितके निष्ठावान आहेत, तितका निष्ठावान माणूस मी अडतीस वर्षांच्या शिक्षकी पेशात पाहिलेला नाही. मुले पाठ्यपुस्तकाशी एक वर्षही एकनिष्ठ राहत नाहीत. व्याही एका व्हिडिओ टेपशी पंचवीसहून अधिक वर्षे राहिले आहेत.

या टेपचा इतिहास समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. व्याही पुण्याहून नोकरीसाठी इकडे आले तेव्हा नवे शतक तोंडावर होते, आणि संगणकांतल्या तारखा दुरुस्त करणे हेच त्यांचे काम होते. पहिल्याच डिसेंबरात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्यांना बजावले की अमक्या विनोदी मंडळींचा नाताळचा खास कार्यक्रम चुकवू नकोस, दुसऱ्या दिवशी सगळे त्याबद्दलच बोलत असतात. त्या संध्याकाळी नेमके एका मराठी कुटुंबाकडे जेवण होते, म्हणून व्याह्यांनी टेप करणाऱ्या यंत्राला वेळ लावून ठेवली. यंत्राचे घड्याळ मात्र त्यांनी भारतीय वेळेवर ठेवले होते. घरी फोन करताना पुण्यात किती वाजले हे चटकन कळावे, एवढाच हेतू. कार्यक्रम इथल्या आठ ते नऊ. हिवाळ्यात भारत इथून साडेदहा तास पुढे असतो. व्याह्यांनी दहा मिळवले. इतरांच्या तारखा दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाच्या हातून घरच्या घड्याळातला अर्धा तास सुटला. परिणामी टेपवर आधी अर्धा तास स्थानिक बातम्या, हवामान आणि जाहिराती, व त्यानंतर कार्यक्रमाचा केवळ पूर्वार्ध, असा ऐवज जमा झाला.

दुसऱ्या एखाद्याने बातम्यांचा भाग पुढे सरकवला असता. व्याह्यांना ते मान्य नाही. पंचवीस डिसेंबरला दुपारी चार वाजता सर्वांनी आपापल्या ठरलेल्या जागी बसायचे, साबुदाणावड्यांच्या बशा मांडीवर घ्यायच्या आणि बातम्यांपासून सुरुवात करायची. टेपवरील हवामानवाली बाई 'आज रात्री हलका बर्फ' असे सांगते. व्याही तत्काळ उठतात आणि बाहेर ड्राइव्ह-वेवर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकून येतात. एका वर्षी बाहेर स्वच्छ ऊन होते आणि शेजारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होता. मी विचारले, तर म्हणाले, "सर, तिच्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नाही." पुढे एका गालिच्याच्या दुकानाची जाहिरात लागते. ते दुकान बंद होऊन एक पिढी उलटली, तरी 'फक्त शनिवारपर्यंत' हे वाक्य आले की व्याही खेदाने मान हलवतात आणि म्हणतात, "या वेळीही राहिलं." तळघरात त्यांनी लोकांच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणलेली चार यंत्रे ठेवली आहेत; एक बिघडले की दुसरे, या हिशेबाने ही टेप आपल्यालाही पुरून उरेल, असा त्यांचा अंदाज आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमात ते विनोदाच्या आधी हसतात. निरीक्षणाअंती मला असे आढळले की हे अंतर साधारण चार सेकंदांचे असते. नागपूरहून नव्याने आलेला जावयांचा एक मित्र एकदा शेजारी बसला होता. तो कुजबुजला, "यार, काका लाइव्ह बघतायत, आपल्याला लेट येतंय."

टेपवरचा शेवटचा प्रवेश असा आहे. सांता क्लॉज आपल्या घसरगाडीची नोंदणी करायला परवाना कार्यालयात रांगेत उभा राहतो. खिडकीतली बाई कायमच्या पत्त्याचा पुरावा मागते. विजेचे बिल आणा, म्हणते. तो म्हणतो, आमच्याकडे सहा महिने सूर्य मावळतच नाही, वीज लागत नाही. ती म्हणते, मग उरलेल्या सहा महिन्यांचं आणा. व्हिसाच्या रांगांत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेली आमची मंडळी इथे बशा खाली ठेवून हसतात. अखेर बाई सगळे कागद एकावर एक रचते, चष्मा वर सरकवते, शिक्का उचलते, हात डोक्याच्या वर नेते, आणि टेप संपते.

पहिल्या वर्षी शिक्का असा हवेतच राहिला तेव्हा व्याही फार खट्टू झाले होते. विहीणबाई पोळ्या लाटत होत्या, पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एवढं काय त्यात? पुढचं मी सांगते." आणि त्यांनी सांगितले. तेव्हापासून दर वर्षी पुढचे त्या सांगत, आणि दर वर्षी ते निराळे असे. ग्रीन कार्ड अडकले त्या वर्षी बाईने शिक्का हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, साहेब रजेवर आहेत, जानेवारीत या. कार्ड हातात पडले त्या वर्षी तो इतक्या जोरात बसला की टेबलावरचा चहा सांताच्या दाढीवर उडाला. माझ्या मुलीशी सोयरीक जुळत होती तेव्हा बाईने शिक्का हवेतच धरून विचारले, "गाडी स्वतःची आहे, ते कळलं. घरात माणसं किती?" लोक पूर्वार्धाला हसत, पण येत ते या उत्तरार्धासाठी. विहीणबाई गेल्या त्याला आता तिसरे वर्ष आहे. मागील दोन नाताळांत टेप संपली, शिक्का वर राहिला, आणि कोणीतरी उठून दिवा लावला.

यंदा माझ्या नऊ वर्षांच्या नातीने तो संपूर्ण कार्यक्रम इंटरनेटवर शोधून काढला. जावई आनंदाने म्हणाले, "बाबा, फुल व्हर्जन मिळालंय. आज शेवट बघूनच टाकू." नातीने विचारले, "आबा, डोन्ट यू वॉन्ट टु नो?" व्याही रिमोटची बॅटरी काढून पुन्हा बसवत राहिले. मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"सर, आधी तुम्ही बघा. पेपर तपासता तसा. हिच्या शेवटांपेक्षा चांगला असला, तर मला सांगा."

"आणि नसला, तर?"

"तर सगळ्यांना दाखवू. काही बिघडणार नाही."

तेव्हा मला कळले की त्यांना वाईट शेवटाची भीती नव्हती. मी कानांत इअरफोन घालून उरलेला अर्धा तास नियमाने पाहिला. परवाना कार्यालयाचा प्रवेश पुढे चार मिनिटे चालतो. व्याही पाठमोरे उभे राहून आधीच धुतलेले कप धूत होते. मी इअरफोन काढले तेव्हा त्यांनी नळ बंद केला.

"हसलात," ते म्हणाले.

"हसलो. दोनदा."

"मोठ्यानं हसलात. मी इथली आठ वर्षं तुम्हाला मोठ्यानं हसताना ऐकलं नाही."

"शेवट चांगला आहे," मी म्हणालो. खोटे गुण देण्याची मला सवय नाही. "पण तो एकच आहे."

त्यांनी कप पुसून फडताळात ठेवला. "मग कुणाला सांगू नका, सर. मलाही नको."

मी शब्द दिला, म्हणून तो शेवट इथेही लिहीत नाही. चार वाजता बातम्या लागल्या. व्याही मीठ टाकून आले. गालिच्याचे दुकान पुन्हा राहिले. बाईने कागद रचले, चष्मा सरकवला, हात वर नेला, आणि टेप संपली. जावई दिव्याच्या बटणाकडे निघाले, तेवढ्यात व्याही म्हणाले, "थांब जरा. पुढचं आहे."

ते कधीच गोष्ट सांगणारे नव्हते; रिमोट दोन्ही हातांत धरून, पडद्याकडे पाहत बोलू लागले. "ती बाई शिक्का मारायला हात खाली आणते. मग थांबते. रांगेत त्याच्या मागं बघते. म्हणते, 'एकटेच आलात?' तर सांता म्हणतो, 'हो. आमच्या मंडळी पुढं गेल्यात.' मग ती म्हणते, 'त्यांचे कागद आधीच झालेत. जा तुम्ही सावकाश.' आणि मारते शिक्का. हळूच."

कोणी हसले नाही. नात त्यांना टेकून बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आबा, दॅट वॉज नॉट फनी."

"नाही ना," व्याही म्हणाले. "पहिलाच प्रयत्न आहे. पुढच्या वर्षी तू सांग."

तिने कपाळाला आठ्या घालून विचार सुरू केला. रात्री जेवायला बसेपर्यंत तिच्याकडे तीन शेवट तयार होते, आणि व्याह्यांनी तिन्ही नाकारले होते.

वहीतल्या त्या प्रश्नापुढे मी आता एवढेच लिहिले आहे: कार्यक्रमाचा काही भाग पडद्याच्या अलीकडे असतो, आणि तो दर वर्षी नव्याने घडतो. वाचकांनी मात्र हे केवळ माझ्या सांगण्यावरून मानू नये. आपल्याही घरी वर्षानुवर्षे पाहिला जाणारा एखादा कार्यक्रम असेल. पुढच्या वेळी तो लागला की थोडा वेळ पडद्याकडे न पाहता खोलीकडे पाहावे, आणि उत्तर बरोबर आहे की नाही ते कृपया स्वतः तपासावे.