तिच्या वतीनं

मला माझ्या मुलीचा हेवा वाटला, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला मुलीचा अभिमान वाटावा, काळजी वाटावी, फार तर राग यावा. हेवा करायला बाकीचं जग पडलंय. पण मला वाटला, आणि चांगला तीन महिने वाटला.

आम्ही अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात राहतो. मी एका औषध कंपनीत काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदपत्रांतल्या चुका शोधणं हा माझा व्यवसाय आणि नवऱ्याच्या मते छंदही. दोन वर्षांपूर्वी ब्लडप्रेशर वाढलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ध्यान करून बघा. आपल्याकडचं ध्यान शिकवणारे इथं पैशाला पासरी आहेत, पण तिथं सगळ्या ओळखीच्या बायका भेटतात आणि ब्लडप्रेशर आणखी चढतं. म्हणून मी एका चिनी बाईंकडे जायला लागले. पंचाहत्तरी उलटलेल्या या बाई दर शनिवारी सकाळी आपल्या घराच्या मागच्या खोलीत सात-आठ जणांना ताओ परंपरेतलं बसणं शिकवायच्या. ध्यान हा शब्द त्या वापरायच्या नाहीत. नुसतं बसणं. मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं.

त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की माणसाचा एक मूळ स्वभाव असतो आणि एक मन असतं. मूळ स्वभाव जन्मल्यापासून आहे तसाच असतो, तो मिळवावा लागत नाही. मन मात्र सारखं कामात असतं. त्याची धावपळ थांबली, की जे आधीपासून होतं ते दिसतं. हे ऐकल्यावर पहिल्याच दिवशी मी हात वर करून सांगितलं, की आमच्याकडे यालाच आत्मा म्हणतात आणि आमच्या संतांनी हे कधीच सांगून ठेवलंय. बाई म्हणाल्या, "छान. मग तू इथे कशाला आलीस?" बाकीचे हसले. मी दुसऱ्या आठवड्यापासून वही आणायला लागले.

बसणं संपलं की बाई प्रत्येकाला विचारायच्या, "आज काय होतं?" माझं उत्तर कायम तयार असायचं. पहिली दहा मिनिटं विचारांची गर्दी, मग श्वास खोल गेला, मग एक शांत पोकळी वगैरे. बाई ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. दोन वर्षांत एकदाही त्या माझ्यापाशी थांबल्या नाहीत. तरी मला वाटायचं, या वर्गात आपला नंबर बहुतेक पहिला असेल.

मग जानेवारीत माझ्या मोतीबिंदूचं निघालं. आधी एक डोळा, मग दुसरा, आणि त्या काळात गाडी चालवायची मला भीती बसली. नवरा छप्पन्न वर्षांचा आहे आणि शनिवारचं क्रिकेट चुकवत नाही. राहिली मुलगी. ती मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला पीएच.डी. करत होती आणि सप्टेंबरपासून घरी येऊन थिसिस लिहीत होती. म्हणजे खोलीचं दार बंद करून बसलेली असायची. जेवायला खाली यायची, ताट धुवायची, वर जायची. मी काही विचारलं की "आय एम फाइन, आई." चार महिने ही माझी पोरगी माझ्याच घरात पेइंग गेस्टसारखी राहत होती आणि तिनं एकदा माझ्याशी बोलावं यासाठी मी काहीही दिलं असतं.

"मला फक्त सोड आणि गाडीत बस," मी तिला सांगितलं होतं. पण बाहेर गारठा होता, बाईंनी तिला आत बोलावलं आणि ती मागं भिंतीशी बसली. शेवटी बाईंनी तिलाही विचारलं, "आज काय होतं?"

"ती मला फक्त ड्राइव्ह करून आणते," मी म्हटलं. "तिचं पीएच.डी. चालू आहे. सध्या घरून थिसिस लिहितेय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मुलीकडे पाहत राहिल्या. घाई नाही, आग्रह नाही. बराच वेळ गेला, मला तर घाम फुटायची वेळ आली. मग मुलगी म्हणाली, "काही नव्हतं. इट वॉज जस्ट क्वाएट."

आणि बाई हसल्या. दोन वर्षांत माझ्या कुठल्याही पोकळीला त्या अशा हसल्या नव्हत्या. घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

पुढच्या शनिवारी तिला खिडकीजवळची जागा मिळाली. त्याच्या पुढच्या शनिवारी ती बाईंना लाओशी म्हणायला लागली. चिनीत शिक्षकाला तसं म्हणतात, तिनं शोधून काढलं होतं. दोन वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मग ती वर्ग संपल्यावर मागच्या अंगणात बाईंबरोबर पातीच्या कांद्याच्या वाफ्यात तण काढायला थांबू लागली. मी आत राहून सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे, कारण कुणीतरी धुवायला हवेत आणि ते कुणीतरी बहुधा मीच असते. खिडकीतून तिचं हसणं ऐकू यायचं. आमच्या घरात ते सप्टेंबरपासून कुणी ऐकलं नव्हतं. मला खरंच पोटात दुखायचं. मुलगी शांत झाली याचा आनंद कमी, माझ्या नाकावर टिच्चून झाली याचं दुःख जास्त. आणि त्या म्हाताऱ्या बाईंचा तर इतका राग यायचा, की त्यांचा आवडता कप मी जरा आदळूनच ठेवायचे.

त्याच सुमारास एकदा वर्गात बाई मनाबद्दल बोलल्या. म्हणाल्या, "मनाला शत्रू समजू नका. ते फार प्रामाणिक आहे. मूळ स्वभावाला कुणी काही विचारलं, की मन पुढं होऊन उत्तर देतं. त्याला वाटतं, हा बिचारा बोलत नाही, याचं कसं होणार. काळजीपोटीच करतं. पण मग मूळ स्वभावाला कुणी ऐकतच नाही." मी हे जसंच्या तसं वहीत उतरवलं. प्रामाणिक या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. मला ते चांगलं वाटलं होतं.

एप्रिलमध्ये एका शनिवारी मी कप धूत होते. खिडकी उघडी होती. बाहेर दोघी पाठमोऱ्या, वाफ्यात वाकलेल्या. मुलगी इंग्रजीत म्हणाली, "मी पीएच.डी. सोडलंय. सप्टेंबरमध्येच."

बाई तण काढत राहिल्या. त्यांनी 'का' म्हटलं नाही, 'अरेरे' म्हटलं नाही.

"आईला माहीत नाही," मुलगी म्हणाली. "ती सगळ्यांना सांगते मी थिसिस लिहितेय. इतकं छान सांगते. आता मी कुठून सुरुवात करू?"

मी नळ बंद केला. हात पुसले. गाडीत जाऊन बसले.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार पीएच.डी.चा नव्हता. पहिला विचार होता, की त्या बाईला आधी सांगितलं. मी नऊ महिने पोटात वाढवलं, अठ्ठावीस वर्षं सांभाळलं, आणि हिनं सांगितलं कुणाला, तर तीन महिन्यांच्या ओळखीच्या बाईला. मुलगी आली, तिनं गाडी सुरू केली आणि मी अबोला धरला. माझा अबोला आमच्या घरात प्रसिद्ध आहे. भांडणापेक्षा नवरा त्याला जास्त घाबरतो. मी खिडकीबाहेर बघत होते आणि आतल्या आत वाक्यं जुळवत होते. एकेक असं, की ऐकून तिला रडूच फुटावं.

दोन सिग्नल गेले. ती म्हणाली, "आई, आज तू काहीच बोलत नाहीयेस."

मी खिडकीकडे आणखी वळले.

आणखी एक सिग्नल गेला. मग ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय." आणि तिनं सांगितलं. पीएच.डी. सोडलं ते, आणि त्याच्या आधीचंही. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात रोज सकाळी लॅबचा स्टॉप आला की तिचे पाय उचलायचे नाहीत. ती बसमध्येच बसून राहायची. बस शेवटच्या स्टॉपपर्यंत जायची, परत फिरायची, आणि ही आतच. "बसमध्ये गरम असायचं," ती म्हणाली. "अँड नोबडी आस्क्ड मी एनीथिंग."

त्या हिवाळ्यात मी तिला रोज सकाळी साडेआठला फोन करायचे. 'पोचलीस ना लॅबमध्ये? पोचली असशीलच. चल, काम कर.' आणि ठेवून द्यायचे. मीच विचारायचे, मीच उत्तर द्यायचे. ती बसमध्ये असायची.

जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी गप्पच राहिले, पण आता वेगळ्या कारणानं.

घर आलं. गॅरेजमध्ये गाडी बंद करून ती म्हणाली, "थँक्स, आई. यू जस्ट लिसन्ड. लाओशीसारखी."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी शाबासकी, आणि तिच्यातही ती बाई होतीच. मी आधी गप्प बसले ते रागानं, हे मी तिला सांगितलं नाही. आजही तिला तो माझा मोठेपणा वाटतो आणि मी तो खुशाल मिरवते.

पुढच्या आठवड्यात आम्ही इंडियन ग्रोसरीत भाजी घेत होतो. मराठी मंडळातल्या एक काकू भेटल्या, ज्यांना सगळ्यांच्या मुलांचं सगळं तोंडपाठ असतं. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "मग काय गं, थिसिस कुठवर आला?" विचारलं तिला, बघितलं माझ्याकडे, नेहमीसारखं. माझं तोंड उघडलंही होतं. 'होतच आलाय' इतकंच म्हणायचं होतं. हे उत्तर मी सात महिने देत होते.

मी तोंड मिटलं आणि मुलीकडे बघितलं. काकूंनी कार्ट पुढेमागे केली.

"सोडलं मी काकू, पीएच.डी.," मुलगी म्हणाली. "नेक्स्ट काय, ते अजून माहीत नाही."

आवाजात लाज नव्हती, ताठा नव्हता, सफाई नव्हती. होतं तेवढं सांगून ती भेंडी निवडायला वळली. काकू अजून माझ्याचकडे बघत होत्या, मी काहीतरी सावरून घेईन म्हणून. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिच्या शेजारी उभी होते. मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत असं एकही उत्तर देता आलेलं नाही, आणि मला तिचा भयंकर हेवा वाटला.